संगणकातील हिशेब बाहेर कसा काढावा?

(बेसा, जि. नागपूर येथे शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या सभासदांपुढे दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



एरवी मी आपल्याशी सोयाबीन, कपाशी व तुरीच्या लागवडीविषयी बोलतो. आज हिशेबाविषयी बोलणार आहे. माल एकत्र विकण्यासाठी आपण कंपन्या स्थापन केल्या. त्यांची रोजकीर्द व खतावणी आता बहुधा टॅलीसारख्या संगणक प्रणालीत असते. परंतु अनेक ठिकाणी ती एकाच माणसाला उघडता येते. तो काम सोडून गेला किंवा संगणक बिघडला, तर कोणाच्या मालाचे किती देणे बाकी आहे, हे सांगणार कोण? म्हणून हिशेब प्रणालीबाहेर काढून ठेवण्याची रीत प्रत्येक संचालकाला माहीत असावी.

फाईलचा टॅग

फाईलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जी अक्षरे येतात, त्यांना एक्स्टेंशन म्हणतात. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, पायाभूत बियाण्याला पांढरा. टॅग पाहून आत काय आहे ते कळते. एक्स्टेंशनचे काम तेच. मात्र टॅग बदलल्याने बियाणे बदलत नाही. तसेच फाईलचे नुसते नाव बदलून 'पीडीएफ'ची 'एक्सेल' होत नाही. त्यासाठी मूळ प्रणालीतूनच हव्या त्या प्रकारात माहिती काढावी लागते. यालाच एक्स्पोर्ट म्हणतात. विंडोजमध्ये ही अक्षरे बहुधा लपलेली असतात. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेंशन्स' सुरू करावे.

कोणता प्रकार कशासाठी?

१. पीडीएफ : वाचण्यासाठी, छापण्यासाठी व सभेत ठेवण्यासाठी. यात बेरीज-वजाबाकी करता येत नाही.
२. एक्सेल : तपासणी व आकडेमोडीसाठी.
३. सीएसव्ही : स्वल्पविरामाने वेगळी केलेली साधी माहिती. जवळजवळ कोणतीही प्रणाली ती वाचू शकते.
४. एक्सएमएल : एका टॅलीतून दुसऱ्या टॅलीत नोंदी नेण्यासाठी.

टॅलीच्या स्वतःच्या फाईलींचा टॅग निराळा असतो. टॅली ईआरपी ९ मध्ये तो ९०० व टॅलीप्राइममध्ये १८०० असा आकडा असतो. या फाईली टॅलीशिवाय वाचता येत नाहीत. म्हणून बॅकअप आणि एक्स्पोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी असून दोन्ही आवश्यक आहेत.

कृती

टॅलीप्राइममध्ये डे बुक उघडावे. 'ऑल्ट' व 'एफ२' दाबून पूर्ण आर्थिक वर्षाचा कालावधी द्यावा. नंतर 'ऑल्ट' व 'ई' दाबून एक्स्पोर्टमध्ये जावे, फाईलचा प्रकार व जागा निवडावी. तेरीज, खातेनिहाय उतारे व मालसाठा यांसाठीही असेच करावे.

घ्यावयाची काळजी

सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडू नये. तसे केल्यास खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळते. क्रमांक १५ अंकांहून मोठा असल्यास पुढचे अंक शून्य होतात. अशी यादी बँकेकडे गेली तर सभासदाचे पैसे अडकतात किंवा भलत्याच खात्यात जाण्याचा धोका असतो. म्हणून 'डेटा'मधून फाईल आत घ्यावी आणि खाते क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' ठेवावा.

तारखाही तपासाव्यात. संगणकात अमेरिकी पद्धत असल्यास ३-४-२०२४ म्हणजे ३ एप्रिलऐवजी ४ मार्च धरला जातो आणि नोंद मागील आर्थिक वर्षात जाऊन बसते. मराठी नावे चौकोन किंवा चिन्हांसारखी दिसल्यास फाईल 'यूटीएफ-८' निवडून पुन्हा उघडावी.

शेवटी, बाहेर काढलेल्या तेरजेची जमा व नावे बाजू मूळ प्रणालीतील बेरजेशी जुळते का, ते पाहावे. नोंदींची संख्याही मोजावी. हे जुळल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब प्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद राहणेही बंधनकारक आहे. एक्स्पोर्ट केलेल्या एक्सेलमध्ये कोणीही आकडा बदलू शकतो. म्हणून मूळ हिशेबाचा बॅकअपही जपावा.

तेव्हा दरवर्षी ३१ मार्चनंतर, तसेच लेखनिक किंवा प्रणाली बदलण्यापूर्वी, हिशेब एक्सेल व पीडीएफ या दोन्ही प्रकारांत काढावा. एक प्रत कार्यालयात व एक दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवावी. पासवर्ड किमान दोन जबाबदार व्यक्तींना माहीत असावा. पुढील हंगामाचे बियाणे आपण वेळेवर निवडून, वाळवून, चिठ्ठी लावून ठेवतो. सामायिक हिशेबालाही तेवढीच निगा द्यावी, ही विनंती.