गोलाईच्या गावात आपले स्वागत

परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, नांदेड, परभणी, हिंगोली, बीड आणि धाराशिवहून आलेले शिक्षक बंधू-भगिनी, क्लासचालक, अभ्यासिका आणि मेस चालवणारी मंडळी, आणि मागच्या रांगांत बसलेले पालकहो,

समस्त लातूरकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

माझे सारे आयुष्य आडत दुकानात गेले. शिकवणी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे आपले विषय. त्यावर दोन दिवस जाणकार बोलतीलच. पाहुण्यांना गाव सांगायचे काम मात्र माझे आहे, आणि ते मी मनापासून करणार आहे.

राष्ट्रकूट सम्राट स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. वेरूळचे कैलास लेणे खोदवणाऱ्या घराण्याला ज्या नगराचे नाव बिरुदात मिरवावेसे वाटले, त्या नगरात आपण बसला आहात. पण मला राजांपेक्षा एका नगररचनाकाराविषयी जास्त बोलायचे आहे. त्यांचे नाव फैयाजुद्दीन. निजामाच्या अमलात त्यांनी या गावाच्या मध्यावर एक मोठे वर्तुळ आखले, आणि 1917 साली तिथे दुमजली गोलाकार इमारत उभी राहिली. तीच आमची गंजगोलाई. मधोमध अंबाबाईचे देऊळ आणि चहूकडे फुटणारे 16 रस्ते. एका रस्त्याला सराफा, एकाला चपला-जोडे, कुठे मिरची, कुठे गूळ. खेड्यातून पहिल्यांदा आलेल्या माणसालाही पत्ता विचारावा लागत नाही. तो देवळाला वळसा घालतो आणि हवा तो रस्ता त्याला सापडतो. मराठवाड्यात इतका विचार करून आखलेला बाजार दुसरा नाही, असे मी ठामपणे म्हणतो. आज गोलाईत रोज उठबस करणाऱ्यांनाही फैयाजुद्दीन हे नाव ठाऊक नसते. या व्यासपीठावरून ते आदराने घेतले जावे, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

गोलाईने माल आणला, आणि शाळा-महाविद्यालयांनी माणसे आणली. 1961 मध्ये दयानंद महाविद्यालय आले, 1970 मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय. शाहूचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे 1994 मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणून नांदेडकरांना मी पाहुणे म्हणत नाही. आपले खाते एकच आहे. आणि ज्या गावाने हुजूर साहिब सांभाळले, जिथे पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकरांसारखा शिक्षक मुलांना उलट प्रश्न विचारायला शिकवत होता, त्या गावाला शिक्षण म्हणजे काय हे लातूरने सांगावे, असे मला वाटत नाही.

शिकवण्याच्या ज्या पद्धतीचा ‘लातूर पॅटर्न’ म्हणून बोलबाला झाला, तिच्यात जादू कोणतीच नव्हती. चाचणी, पुन्हा चाचणी, आणि तपासलेला पेपर मुलाच्या हातात परत. लाल शाईच्या खुणा आणि खाली सरांची सही. बाप निरक्षर असला तरी ती सही पाहून त्याला कळे, की पोराकडे कुणीतरी लक्ष दिले आहे. आज उद्योग भवन परिसरात खोली करून राहिलेली, दोन वेळच्या डब्यावर दिवस काढणारी हजारो मुले त्याच सहीच्या विश्वासावर इथे येतात.

आता त्या सहीच्या जागी ॲप आले आहे. माझ्या नातीने अशाच एका ॲपला विचारले, ग्लुकोजच्या एका रेणूपासून किती एटीपी मिळतात? उत्तर आले, 30 ते 32. हल्लीचे जीवरसायनशास्त्र हेच मानते. पण एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात 38 आहे, आणि नीटला ते पुस्तक प्रमाण. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला उणे 1, म्हणजे एका प्रश्नामागे 5 गुणांचा फरक. दुसऱ्या दिवशी तिच्या सरांनी वहीत 38 भोवती गोल केला, कारण सांगितले आणि शेजारी सही केली. ती सही यंत्राच्या उत्तराखाली कुणाची असेल, एवढे या परिषदेने ठरवावे. माझे दुसरे मागणे नाही.

आमच्या आडतीतले एक उदाहरण देतो. सोयाबीनच्या सरकारी खरेदीला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. 2024 च्या हंगामात केंद्राने तो 15 पर्यंत चालवून घेतला. मर्यादा बदलली, पण ती जाहीरपणे बदलली, आणि ओलावा मोजणाऱ्या मीटरचा आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर उमटला. शिकवणीच्या ॲपसाठी आपण ठरवाल ती मानकेही पालकाला मराठीत, भिंतीवर लावलेली वाचता यावीत.

सरकारने काही पावले टाकली आहेत. जानेवारी 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी 16 वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये म्हटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहिरातींचे नियम आले. निकालानंतर लेखी संमती घेतल्याशिवाय मुलाचा फोटो फलकावर लावता येत नाही. 2023 चा माहिती संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती मागतो. तरी मुलाचे गुण, चुका, रात्री किती वाजेपर्यंत तो जागा होता, हे सारे ॲपमध्ये साठते, आणि संमतीचा चौकोन इंग्रजीत असतो. 2024 मध्ये नीटच्या पेपरफुटीच्या तपासात लातूरचे नाव वर्तमानपत्रांत आले, तेव्हा आम्ही सारे फार दुखावलो. म्हणून नियम कडक झाले तरी लातूरकर कुरकुर करणार नाहीत, असा शब्द मी देतो.

आता व्यवस्थेविषयी. उणिवा पुष्कळ आहेत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी या गावाने प्यायले आहे, त्यामुळे पाण्याची काळजी आमच्या मनातून जात नाही. टँकर दोन सांगितले आहेत, तरी आंघोळीला जपून वापरावे ही विनंती. मुलांच्या वसतिगृहांत उतरलेल्या पाहुण्यांना खाटा अरुंद पडल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या ज्येष्ठांना जिने चढावे लागले, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. आज सायंकाळपर्यंत त्यांना तळमजल्यावर जागा करून देऊ. जेवणात बोरसुरीच्या तुरीचे वरण आणि उजनीची बासुंदी आहे. ती कमी पडणार नाही याची खात्री मी स्वतः भट्टीवर जाऊन केली आहे.

मंडपाचा भार डाळमिलवाल्यांनी उचलला, धान्य आडत बाजाराने दिले, छपाई एका मुद्रकाने पदरमोड करून केली, आणि मेसवाल्या भगिनींनी पहाटेपासून पोळ्या लाटल्या. बहुतेक दात्यांनी नाव घेऊ नये अशी अट घातली आहे. ती मी पाळतो, पण त्यांचे ऋण मानल्याशिवाय खाली बसणे मला जमणार नाही. स्थानकावर मध्यरात्री पाहुण्यांना घ्यायला थांबलेले रिक्षाचालक आणि महाविद्यालयीन स्वयंसेवक यांचेही आभार.

भोजनाची कुपने डाव्या हाताच्या टेबलावर मिळतील. पहिल्या सत्रानंतर गोलाई पाहायला बस निघेल. नांदेडकरांनी त्यात जरूर बसावे. अध्यक्षांना विनंती करतो, की त्यांनी कामकाज सुरू करावे.