साडेतीनशे रुपयांचा चेहरा



वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी माझं पोट हमखास दुखायचं, हे बाईंना आठवत असेल. आजही दुखतंय. पण संयोजक म्हणाले, "तू ऑनलाइन चित्रं विकतोस ना, त्यावर बोल," म्हणून उभा राहिलो.

दिवसा मी आपल्या नागापूरच्याच एमआयडीसीत क्वालिटीला आहे. हातात व्हर्नियर. रात्री जेवण झालं की हातात पेन्सिल. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर, इन्स्टाग्रामवर फोटो पाठवतात आणि मी ए-फोर कागदावर स्केच करून पाठवतो. एका चेहऱ्याचे साडेतीनशे, जोडप्याचे सहाशे, पोस्टाचा खर्च वेगळा. एका चेहऱ्याला पाच-सहा तास जातात. ताशी किती पडले, हा हिशेब गणिताच्या सरांसमोर मांडायची माझी हिंमत नाही.

पद्धत चित्रकलेच्या सरांनी शिकवलेली तीच. फोटोवर चौकटी, कागदावर मोठ्या चौकटी, एकेक घर भरत जायचं. सर समोर बसलेत म्हणून खरं सांगतो, इंटरमिजिएटला मला सी ग्रेड होती.

सुरुवातीला वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस असलीच कामं यायची. २०२१च्या कोरोनानंतर फोटो बदलले. एका मुलानं वडिलांचा फोटो पाठवला, तोही आधार कार्डावरचा. दुसरा नव्हताच. आधारवरचा फोटो कसा असतो ते तुम्ही जाणता, आपलं आपल्याला ओळखू येत नाही. त्याला वडील हसताना हवे होते. मी फोन करून विचारलं, कसे हसायचे? तो गप्प झाला, मग फोन आईकडे दिला. त्या म्हणाल्या, "पुढचा दात पडला होता ना, तवा तोंड मिटूनच हसायचे."

तसं काढलं, फोटो पाठवला. संध्याकाळी निरोप आला : डाव्या कानाची पाळी चिरलेली होती, ती राहिली. कार्डावर ती दिसतच नव्हती. कान पुन्हा काढला. तेव्हापासून कागदाला हात लावण्याआधी मी घरातल्या जुन्या माणसाशी फोनवर बोलतो. त्यातच अर्धा तास जातो, त्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे?

तुमच्यातले बरेच जण म्हणतात, "अरे, भाव वाढव. मुंबई-पुण्यात तीन-चार हजार घेतात." मी हजार करून पाहिले. बर्थडेवाले आले, पण कार्डावरचे फोटो यायचे थांबले. दोन महिन्यांनी भाव दोन केले. हौसेच्या चित्राला हजार, गेलेल्या माणसाच्या चित्राला साडेतीनशे. घरी हे अजून पटलेलं नाही, आणि त्यांचं चुकतं असंही मला म्हणवत नाही. रात्रीच्या जागरणात निम्मा वाटा त्यांचा आहे.

स्वस्त चित्राला आपल्याकडे नाकं मुरडतात. पण राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसांच्या घरातल्या भिंतींवर लागल्या. दगडावरून एकच चित्र हजारदा छापलं की स्वस्त पडतं. माझी अडचण अशी की, माझं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या वडिलांचं चित्र घेत नाही. दर वेळी नवा कागद.

आता मोबाईलच फुकट चित्र काढून देतो. २०२५च्या मार्चमध्ये ते घिबलीचं वेड आलं, तेव्हा जोडप्यांची कामं एकदम निम्म्यावर आली. माझी तक्रार नाही. पुसट फोटो साफ करायला मीही एक ॲप वापरून पाहिलं. डोळे छान टपोरे आले. पण ते त्या आजींचे नव्हते. ॲप जे दिसत नाही ते अंदाजानं भरतं. अंदाज मीही करतो, फक्त आधी विचारून घेतो.

आता कामाचं. आपले घंटा देणारे शिपाईमामा आज असायला हवे होते. त्यांचं चित्र काढून शाळेला द्यावं म्हणून मी फोटो शोधले. दहावीच्या ग्रुप फोटोत ते अगदी कडेला आहेत, तिळाएवढे, आणि अर्धा चेहरा खांबाआड. गांधी टोपी दिसते. चष्मा दिसत नाही, पण हजेरीचं रजिस्टर वाचताना ते लावायचे असं मला वाटतं. मिशांबद्दल आमच्या बाकावरच दोन मतं आहेत. मी अर्धी बाजू काढून ठेवली आहे. जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीपाशी कागद घेऊन बसतो. ज्यांना मामा नीट आठवतात, त्यांनी ताट घेऊन तिकडेच या.