एक पोप, एक गुलाम

व्यक्तिचित्रासमोर उभं राहिलं की आपण पहिल्यांदा विचारतो, चेहरा जुळलाय का? चेहरा काय, फोटोतही जुळतो. स्वभाव रंगात कसा उतरतो ते पाहायचं, तर दिएगो व्हेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराची दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवावीत. दोन्ही रोममधली, १६५० सालची.

एक पोप दहावे इनोसंट यांचं. टोपी लाल, खांद्यावरचं वस्त्र लाल, खुर्ची लाल, मागचा पडदाही लाल. एवढ्या लालाचा एखाद्या कच्च्या हाताने चिखल केला असता. इथे प्रत्येक लाल निराळा आहे. रेशीम उजेड झेलतं, पडदा तो गिळून टाकतो. तोच लाल गालांवर आणि नाकावरही चढलाय, म्हणून पंचाहत्तरीचे हे धर्मगुरू तापट वाटतात. नजर मात्र थंड, समोरच्याला तोलणारी. रंग एक सांगतो, डोळे दुसरंच. त्यांच्या दरबारात उभं राहण्याची धास्ती त्यातूनच येते.

दुसरं चित्र ह्वान दे पारेखाचं. हा व्हेलास्केझचा गुलाम आणि चित्रशाळेतला मदतनीस. इथे रंग मोजकेच, करडे, हिरवट, काळसर. मागे काहीच नाही, ना खुर्ची ना पडदा. सावळ्या कपाळावर उजेडाचा एक ठिपका आणि खाली लेसची पांढरी कॉलर. ती जवळून पाहा, वीण सापडत नाही, नुसते झरझर मारलेले फटकारे दिसतात. कपड्यांवर कुंचला असा सैल सुटलाय आणि चेहऱ्याशी येताच सावध झालाय. त्यामुळे आपली नजर कुठेही भटकली तरी त्या चेहऱ्यावरच परत येते. मान ताठ, डोळे थेट आपल्याकडे. मला विचाराल तर दोघांत अधिक निर्धास्त दिसतो तो हा.

मार्चमध्ये हे चित्र रोमच्या पँथिऑनमध्ये मांडलं गेलं. गुलामीतून सुटकेचा कागद झाला तो नोव्हेंबरमध्ये, तोही आणखी चार वर्षं चाकरीची अट घालून. कुंचल्याइतका उदार मालकाचा हात नव्हता, असंच म्हणायचं!

पुढे पारेखा स्वतः चित्रकार झाला. १६६१ साली त्याने संत मॅथ्यूच्या प्रसंगाचं मोठं चित्र काढलं, त्यात एका कडेला स्वतःला उभं केलं. हातात स्वतःच्या सहीचा कागद आहे, पण वर्ण पूर्वीपेक्षा उजळ आणि नाकडोळे युरोपीय वळणाचे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात तो असा उभा आहे.