वादळ किती दिवस ठेवायचं
(आकाशवाणीवरील भाषण)



आमच्या घरी दोन गाड्या आहेत. एकीतून बाजार येतो, पाहुणे येतात, चवथीला गणपती येतो. दुसरीत दोनच माणसं बसतात. तिसरं काही न्यायचं तर ते मांडीवर घ्यावं लागतं. मी बोलणार आहे या दुसरीविषयी. तिचं नाव सॅन स्टॉर्म. स्टॉर्म म्हणजे वादळ, म्हणून घरात तिला वादळच म्हणतात. 'वहिनी, वादळ अजून अंगणातच का?' हा माझ्या धाकट्या दिरांचा दर चवथीचा प्रश्न.

पुष्कळांना ठाऊक नसेल, पण उघड्या टपाची ही गाडी आपल्या गोव्यात तयार होत असे. १९९८ साली ती बाजारात आली. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद साठेक अश्वशक्ती. आजची साधी स्विफ्टसुद्धा ऐंशीच्या वर जाते, तेव्हा 'स्पोर्ट्स कार' हा शब्द उच्चारताना मी आवाज जरा खाली घेते. पण टप मागे टाकून फोंड्याहून उसगाव, मोले या रस्त्याला लागावं. जमीन इतकी खेटून पळते की पन्नासचा वेग ऐंशीचा वाटतो. पुढे अनमोडच्या घाटात एक वळण आहे, तिथे हवा एकदम गार होते. त्या घाटातून मी वर्षानुवर्षं बंद काचांच्या गाडीने गेले होते, पण तिथे गारवा राहतो हे मला वादळाने सांगितलं.

२००६ मध्ये मी ती जुनी विकत घेतली. वय बेचाळीस, नोकरी बँकेत. दुसऱ्यांच्या कर्जाच्या कागदांवर वीस वर्षं 'परतफेडीची क्षमता' तपासणाऱ्या बाईने हे केलं, याचा धक्का माझ्या शाखेला बरेच दिवस पुरला. यजमान काही बोलले नाहीत. ते शेजारी बसले आणि त्यांनी कानांना पंचा गुंडाळला. आजही तसंच बसतात.

गाडीची पहिली नोंदणी २००१ ची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, मग तपासणी करून घेऊन दर पाच वर्षांनी वाढवायची. म्हणजे वादळ ठेवायचं की नाही हा प्रश्न २०१६ ला आला, २०२१ ला आला आणि येत्या ऑगस्टात पुन्हा येतोय. २०२१ ला शुल्क सहाशे रुपये होतं. आता वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. मानाची 'व्हिंटेज' पाटी मिळवायची तर गाडी पन्नास वर्षांची हवी, म्हणजे २०५१ साल. तेव्हा मी सत्त्याऐंशी वर्षांची असेन. त्या गाडीत बसताना आधी पाठ टेकवायची, मग पाय आत घ्यायचे. उतरताना याच्या उलट. सत्त्याऐंशीला मी बसेन एकवेळ. उतरण्याचं सांगता येत नाही.

आपल्या खाऱ्या हवेत गाडी गंजून मरते आणि निर्णय आपसूक होतो. इथे तीही सोय नाही, कारण वादळाचं अंग फायबरचं. चौकट लोखंडी आहे, तिला दरवर्षी पावसाआधी खालून काळा रंग मारावा लागतो. पण अंगाला गंज माहीत नाही. एकदा पुढच्या मडगार्डला तडा गेला. डेंटिंगवाल्याने हातोडी उचलली, बोटाने टकटक करून पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली. शेवटी मालीमच्या धक्क्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याने काचतंतूंची चटई कापली, रेझिन लावलं, घासून गुळगुळीत केलं. 'बाय, आता पाण्यात घातली तरी चालेल,' म्हणाला.

वय दिसतं ते रबरात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरची नक्षी नव्यासारखी, आकडे ३५१७. म्हणजे २०१७ चा पस्तिसावा आठवडा. झिजण्याआधीच ते म्हातारे झाले होते. टायमिंग बेल्टचंही तसंच, किलोमीटर भरोत न भरोत, वर्षं भरली की बदलायचा. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. ते हवेतला ओलावा ओढतं, जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही, आणि टाकीत महिनोन् महिने पडून राहिलं की जास्तच त्रास. आमचा मिस्त्री म्हणतो, पंधरा दिवसांतून एकदा इंजिन पुरतं तापेपर्यंत चालवा. नुसतं अंगणात सुरू करून बंद करू नका, त्यापेक्षा सुरू न केलेली बरी.

मी त्याला मान डोलावली, आणि अंगणातच सुरू करून बंद करत राहिले.

हे मला कळलं ते वहीमुळे. वादळाची प्रत्येक खेप मी लिहून ठेवते: तारीख, कुठे, किती. २००८ साली त्रेसष्ट खेपा होत्या. गेल्या वर्षी अकरा. त्यातल्या चार मिस्त्रीकडे, एक पीयूसीला. उरल्या सहा. या सहा खेपांवर विमा, बॅटरी, टायर सगळा खर्च वाटून पाहिला. आकडा इथे सांगत नाही, यजमान रेडिओ ऐकतात.

त्याच सुमारास बेळगावचा एक मुलगा गाडी बघायला आला. किंमत बरी सांगत होता. चौकट खालून पाहिली, टप दोनदा उघडून मिटलं. मग विचारलं, 'मावशी, तुम्ही हिला नेता कुठे?' मी अनमोडचं वळण सांगितलं. 'शेवटचं कधी गेलात?' म्हणाला. वहीत पाहावं लागलं. चौदा महिने झाले होते. त्याला मी 'कळवते' एवढंच म्हटलं, पण तो गेल्यावर लाज वाटली.

म्हणून मी एक करार केला, स्वतःशीच. वादळ दसऱ्याला झेंडूची माळ घालून बाहेर निघतं आणि अक्षय्य तृतीयेनंतर ताडपत्रीखाली जातं. या मुदतीत पंचवीस खेपा झाल्या, तर ऑगस्टात दहा हजार भरून पुढची पाच वर्षं. चोवीस झाल्या तर बेळगावला फोन. मिस्त्री आणि पीयूसी धरायचे नाहीत.

आजवर एकोणीस झाल्यात. अक्षय्य तृतीयेपर्यंत चार रविवार उरलेत, आणि एका रविवारी आतेभावाच्या मुलीचं लग्न आहे.

आज ध्वनिमुद्रणासाठी पणजीला मी वादळातूनच आले. ते खाली आवारात उभं आहे, पहारेकरी त्याच्याभोवती फिरून पाहतोय. ही खेप विसावी धरायची, की कामाची म्हणून वगळायची, हे अजून वहीत लिहिलेलं नाही. जाताना बांबोळीवरून सरळ न जाता जरा लांबच्या रस्त्याने जावं म्हणते.