गाळलेले पाणी आणि न गाळता येणारे पाणी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित शिष्यवृत्ती वितरण समारंभात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. शिक्षण बी. कॉम. पर्यंतचे. ऊर्जा आणि पर्यावरण अभियांत्रिकी या विषयावर मी बोलावे हे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाचे माझ्यावर एक जुने ऋण आहे. ते आज आपल्या साक्षीने कबूल करावे, म्हणून हा विषय मी स्वतः मागून घेतला.

आपल्या घरांतून पाणी गाळून पिण्याची रीत किती पिढ्यांची आहे, हे कोणी सांगू शकणार नाही. माझी आजी आडाच्या पाण्यासाठी जाड सुती कापडाची दुहेरी घडी वापरीत असे. गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव ती पुन्हा त्याच आडात अलगद सोडी. त्याला ती जिवाणी म्हणे. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात जगला पाहिजे, एवढे तिचे शास्त्र होते. पुढे दुकानावर बसू लागल्यावर गाळण्याचे कापड मागणारी गिऱ्हाइके मी हजारोंनी पाहिली.

२००३ साली बांगलादेशातील खेड्यांमध्ये झालेल्या एका संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकन शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील स्त्रियांना जुन्या सुती साडीच्या घड्या करून त्यांतून पाणी गाळावयास शिकविले होते. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात. वापराने मऊ झालेल्या सुताची छिद्रे घडीत सुमारे २० मायक्रॉनपर्यंत बारीक होतात आणि हे प्राणी जंतूंसह कापडावर अडकतात. या साध्या उपायाने त्या खेड्यांतील पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. हे वाचले तेव्हा आजीची आठवण येऊन माझे डोळे पाणावले.

परंतु बंधू-भगिनींनो, अभिमानाची गोष्ट येथेच थांबवली तर ती अर्धसत्य ठरेल.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तिची झळ पोहोचली. माझ्या धाकट्या बंधूंची सून तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिला कावीळ झाली. अठरा दिवस ती रुग्णालयात होती. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ गर्भवतीच्या जिवावर उठते, हे मला तेथील डॉक्टरांकडून प्रथम कळले. जिनेंद्रकृपेने आई आणि बाळ दोघेही वाचली. आमच्या घरी पाणी गाळूनच घेतले जात होते. "मग हे कसे झाले?" असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "शेठजी, हा विषाणू तुमच्या कापडाच्या छिद्रापेक्षा शेकडो पटींनी लहान आहे. पाणी उकळले असते तर गोष्ट वेगळी."

आपले व्रती श्रावक उकळलेलेच पाणी घेतात. परंतु लाखो लोकांच्या शहराचे पाणी उकळावयाचे तर तेवढे इंधन कोठून आणावयाचे? हा प्रश्न मनात आला आणि दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग मला आठवला.

आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीवर मी तेव्हा होतो. एका यंत्रमाग कामगाराच्या मुलीचा अर्ज आला होता. तिला पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत होता आणि बिनव्याजी शैक्षणिक कर्ज हवे होते. मुलाखतीत मी तिला म्हणालो, "बाळ, गटारीच्या पाण्याचे शिक्षण घेऊन पुढे काय करणार? त्यापेक्षा बी. कॉम. कर, कोठेही नोकरी मिळेल." समितीने माझे ऐकले आणि अर्ज बाजूला ठेवला. ती मुलगी खरोखरच बी. कॉम. झाली. आज ती एका पतसंस्थेत नोकरी करते. भेटली की वाकून नमस्कार करते. त्या नमस्काराचे ओझे मला पेलत नाही. ते ऋण हेच.

त्यानंतर मी या विषयाचे जमेल तसे वाचन केले. कॉमर्सच्या माणसाला जे उमगले, ते थोडक्यात सांगतो.

विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत यंत्रमाग आणला आणि पुढे या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हटले जाऊ लागले. या नावाचा आपण अभिमान बाळगतो. परंतु खऱ्या मँचेस्टरने जगाला केवळ कापड दिले नाही. १९१४ साली त्याच शहरात आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवून दिले की, सांडपाण्यात हवा खेळती ठेवली आणि साचलेला गाळ न टाकता पुन्हा पुन्हा वापरला, तर त्यातील सूक्ष्म जीवच घाण खाऊन पाणी स्वच्छ करतात. जगातील असंख्य सांडपाणी प्रकल्प आजही याच तत्त्वावर चालतात. कापडाच्या गावानेच पाण्याचेही उत्तर शोधले होते. आपण मात्र नाव घेतले आणि उत्तर तेथेच ठेवले.

या प्रकल्पाला जी वीज लागते, त्यातील निम्म्याच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही अधिक, केवळ हवा देण्यासाठी खर्च होते. दुसऱ्या बाजूने उरलेला गाळ बंद टाकीत कुजविला की त्यातून मिथेन वायू मिळतो आणि त्यावर पुन्हा वीज निर्माण करता येते. ऊर्जा आणि पर्यावरण हे दोन विषय विद्यापीठांत एकत्र का शिकविले जातात, याचे कारण येथे आहे. पाणी शुद्ध करावयाचे तर वीज हवी आणि वीज करावयाची तर कोळशाचा धूर होतो. एकीकडचा दोष दुसरीकडे न ढकलता दोहोंचा एकत्र हिशेब मांडणे, हेच त्या अभियंत्याचे काम होय. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा सृष्टीचा ताळेबंद आहे.

माझ्या धंद्याच्या ताळेबंदात सांडपाण्याचा रकाना कधी नव्हता. रंग जाणार नाही, ही हमी मी चाळीस वर्षे गिऱ्हाइकाला दिली. परंतु सुती कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगाचा काही भाग धाग्याला चिकटतच नाही. पाण्याशी संयोग होऊन तो निकामी होतो आणि रंगाईत घातलेल्या मिठासह वाहून जातो. हे मीठ मँचेस्टरच्या पद्धतीतील जीवांना खाता येत नाही. त्यासाठी निराळी यंत्रणा आणि निराळे शिक्षण लागते. ते वेळीच केले नाही तर काय होते, हे तिरुपूरने अनुभवले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील रंगाई कारखाने बंद झाले. पुढे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत स्वीकारूनच त्यांना उभे राहावे लागले. पर्यावरणाचे शिक्षण धंद्याचा शत्रू आहे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

विद्यार्थी मित्रहो, या शाखेत गणित, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, द्रव आणि उष्णतेचे शास्त्र यांचा पाया लागतो. पुढे जलशुद्धीकरण, हवेचे प्रदूषण, घनकचरा, सौर व पवनऊर्जा, ऊर्जेचे लेखापरीक्षण असे विषय येतात. आपला आगम ज्यांना पृथ्वीकाय, अप्काय, तेजकाय, वायुकाय आणि वनस्पतिकाय म्हणतो, त्यांचीच ही प्रयोगशाळा आहे. थेट पदवीची शाखा जवळ नसेल तर सिव्हिल, केमिकल किंवा मेकॅनिकलची पदवी घेऊन पदव्युत्तर शिक्षणासाठी इकडे वळता येते. गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि त्यानंतर प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक असा एक व्यवसायच उभा राहिला. सी. ए. हिशेबाच्या वह्या तपासतो, हा बॉयलर आणि मोटारी तपासतो. आपल्या मुलांना हे अवघड का जावे?

शिक्षणाच्या बाबतीत आपला समाज कधी मागे नव्हता. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांनी कोणत्या मुलाला कोठे नोकरी मिळेल एवढाच विचार केला नाही. समाजाला काय हवे, याचा विचार केला. आम्ही समितीत बसून नेमके तेच विसरलो.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे. जल, वायू आणि ऊर्जा या विषयांचे शिक्षण घेणाऱ्या दोन विद्यार्थ्यांसाठी, त्यांत एक मुलगी असावी, दरवर्षी स्वतंत्र शिष्यवृत्ती ठेवावी. पहिल्या पाच वर्षांचा भार उचलण्याची अनुज्ञा माझ्या कुटुंबास द्यावी. त्या शिष्यवृत्तीस माझे वा माझ्या वडिलांचे नाव नको. आणि मुलाखतीस येणाऱ्या मुलीला पुढे काय करणार, असे विचारू नये. ती काय करणार आहे, हे आपल्याला तिच्याकडून शिकावयाचे आहे.

आजीने गाळण्यातला जीव आडात परत सोडला. आता नदीच परत करावयाची आहे. ते काम कापडाच्या घडीने होणार नाही, ज्ञानानेच होईल.

 बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.