वाळीत टाकलेल्यांच्या बाजूने



मघाशी संविधानाची उद्देशिका वाचली गेली. आपण सगळे उभे राहिलो, टाळ्याही वाजवल्या. पण आत येताना मी दारावरची हजेरीवही पाहिली. तीन घरांची नावं तांबड्या शाईने खोडलेली आहेत. एकाने ग्रामपंचायतीला गावकीच्या, म्हणजे गावच्या पंचमंडळींच्या, उमेदवाराविरुद्ध अर्ज भरला, दुसऱ्याच्या मुलीने जातीबाहेर लग्न केलं, तिसरा जमिनीच्या वादात गावकीला न विचारता पोलीस ठाण्यात गेला. गावकीने वाळीत टाकलं म्हणून आपल्या गावकऱ्यांच्या या मुंबईच्या मंडळाने त्यांची वर्गणी नाकारली. उद्देशिका आणि ती वही एका टेबलावर नांदू शकत नाहीत. मला या बक्षीस समारंभाचा अध्यक्ष केलंत, तेव्हा आज मी एवढ्याबद्दलच बोलणार.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. या घटनेत आपलं गाव कुठे आहे, अशी टीका तेव्हा जोरात होती. बाबासाहेबांनी ती अंगावर घेतली. मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला, याचा मला आनंद आहे, असं त्यांनी भर सभागृहात सांगितलं. ह. वि. कामथांसारखे सभासद त्यावरून दुखावले, तुटून पडले. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं कलम, म्हणजे आजचं ४० वं, मसुद्यात आलं. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आलं. समतेचा आणि जगण्याचा हक्क माणसाच्याच नावावर राहिला, आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना तशीच स्वीकारली गेली.

गावापेक्षा माणूस जपावा लागतो, हे बाबासाहेबांना कुठून कळलं होतं? इथून, या परळमधून! बी.आय.टी. चाळीत ते वर्षानुवर्षं राहिले. दामोदर हॉलमध्ये त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती. आसपासच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचाखात्यात, म्हणजे विणकामात, जागा नव्हती. धोट्यातलं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि त्याच्या तोंडाचा धोटा इतरांना चालत नसे. जास्त पगाराचं काम तेच. ही बंदी आपल्याच आज्या-पणज्यांनी पाळली. १९२८ च्या संपात ती उठवण्याची मागणी बाबासाहेबांना संपाच्या पुढाऱ्यांकडे हट्टाने धरावी लागली. मालकाशी लढणारा कामगार शेजारच्या कामगाराला वाळीत टाकून बसला होता. आपण संपाचा इतिहास अभिमानाने सांगतो, मग हेही सांगा.

वाळीत टाकण्याची ही रूढी फक्त आपलीच नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. तेव्हाच्या मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मताने रद्द केला. विरोधात होते एकटे सरन्यायाधीश सिन्हा. बहिष्कृत माणसाची गत जवळजवळ अस्पृश्यासारखी होते, हे त्यांनी लिहून ठेवलं. माझ्या मते त्या पाच जणांत तेच बरोबर होते. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला.

पण आपल्या गावकीला त्या निकालाचा आडोसा नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये वेगळा कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती तांबडी शाई गुन्ह्याची शाई आहे, गावाहून आलेल्या मानकरी मंडळींनो.

गावकीचे उपकार मी विसरलेलो नाही. माझे वडील गिरणीत लागले ते लालबागला गावकीच्या खोलीत राहून. माणसं पाळीपाळीने झोपायची, आजाऱ्याला पेज मिळायची, मयताला खांदा मिळायचा. पण त्याच खोलीतल्या एका माणसाची ट्रंक जिन्यात काढून ठेवलेली मी लहानपणी पाहिली. शिमग्यात बसवलेला दंड भरायला तो नाही म्हणाला होता. त्या रात्री तो कुठे झोपला, हे कुणी विचारलं नाही. माझ्या वडिलांनीही नाही. ज्याला आधार लागतो त्याच्याच हातून आधार काढून घेता येतो, म्हणून तर घटनेला माणसाच्या पाठीशी उभं राहावं लागलं. सरकारविरुद्ध, आणि आपल्याविरुद्धही.

तेव्हा माझा ठराव असा. 'गावकीचा निर्णय मंडळास बंधनकारक राहील' हे आपल्या नियमावलीतलं कलम आज रद्द व्हावं, आणि तिन्ही घरांची वर्गणी उद्या सकाळी पदाधिकाऱ्यांनी त्यांच्या दारी जाऊन घ्यावी. मतदान हात वर करून होईल. ठराव पडला, तर बक्षीस समारंभाला दुसरा अध्यक्ष शोधा.

सचिव, ती वही वर आणा.