अवघड शब्दांचे भय कोणाला?

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेतील साधे कारकून. काउंटरवर एक दृश्य नेहमी पाहतो. बारावी झालेला मुलगा कर्जाचा अर्ज हाती घेतो, 'तारण', 'जामीनदार', 'परतफेड' हे शब्द पाहून गप्प होतो आणि "सही कुठे करू?" एवढेच विचारतो. ज्याला शब्द कळत नाहीत, तो न वाचता सही करतो. म्हणून आज हा विषय घेतला.

रविवारच्या वर्गात आमच्याकडूनही एक चूक घडली. तिसरीतील मुलगी म्हणाली, "आमच्या वावरात पऱ्हाटी हाये." आम्ही हसून म्हटले, "वावर नव्हे, शेत म्हण." पुढचे दोन रविवार ती बोललीच नाही. तेव्हा उमगले की, घरचा शब्द खोडून पुस्तकाचा शब्द शिकवता येत नाही. तो त्याच्या शेजारी ठेवावा लागतो. आता आम्ही फळ्यावर तीन रकाने आखतो : वावर, शेत, फील्ड, पऱ्हाटी, कपाशी, कॉटन. अमरावती-अकोल्याच्या लेकरांना कपाशी ठाऊकच आहे, फक्त नवी नावे द्यायची.

'तुलना', 'अनुमान', 'परिणाम' हे शब्द लहानांना झेपणार नाहीत, असे पालक म्हणतात. परंतु "पाऊस लांबला, त्याचा परिणाम काय?" असे विचारताच दुसरीतले पोर सांगते, "दुबार पेरणी!" विचार त्याच्याजवळ आहेच. मग इंग्रजीतील 'रिझल्ट' म्हणजे केवळ परीक्षेचा निकाल नव्हे, हेही त्याला कळते. आठवड्याला पाचच शब्द घ्यावेत. अर्थ पाठ करवून न घेता प्रत्येकाकडून स्वतःचे वाक्य करून घ्यावे आणि पुढील रविवारी तेच शब्द पुन्हा वापरावेत.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होते. महाराष्ट्रात सन २००० पासून ते पहिलीपासून आहे. पण लवकर सुरू झाले म्हणजे समजले, असे नव्हे.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेता आले नाही; फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले. पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, हिंदी व गुजराती भाषांत देणारा कोश त्यांनी तयार केला. शासनाने १९९८ साली तो त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला. शब्दाशेजारी शब्द ठेवण्याचीच ही रीत आहे.

पालकहो, रोज रात्री लेकराला विचारा, "आज कोणता नवा शब्द शिकलास?" तो चुकला तर हसू नका. उद्या अर्ज वाचूनच तो सही करील.

जयभीम!